संस्थात्मक गुंतवणूकदारांचा मताधिकार आणि कंपनी सुशासन



आयुर्विम्याचा हप्ता भरणारा शेतकरी, म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणारी शिक्षिका आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचारी हे सर्व मोठ्या कंपन्यांचे अप्रत्यक्ष मालक असतात. भागांबरोबर येणारा मताधिकार मात्र त्यांच्या वतीने संस्था वापरतात. म्हणूनच तो विश्वस्ताचे कर्तव्य ठरतो.

भारतातील बहुतांश सूचिबद्ध कंपन्यांवर प्रवर्तकांचे नियंत्रण आहे. साधारण ठरावाला निम्म्याहून अधिक मते पुरतात. विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के मते अनुकूल लागतात. समजा, १०० भागांपैकी ५० प्रवर्तकांकडे आहेत. उरलेल्या ५० पैकी केवळ १० भागांची मते पडली आणि ती सर्व विरोधी असली, तरी ६० पैकी ५० मतांनी विशेष ठराव संमत होतो. सर्व मते पडली, तर मात्र २५ हून अधिक विरोधी मते तो रोखू शकतात. संस्थांची अनुपस्थिती म्हणजे व्यवहारात प्रवर्तकांना संमतीच होय.

डिसेंबर २००८ मध्ये सत्यम कॉम्प्युटरच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घेण्याचे ठरविले. गुंतवणूकदारांच्या तीव्र विरोधामुळे हा निर्णय काही तासांतच मागे घ्यावा लागला. जानेवारी २००९ मध्ये हिशेबांतील गैरव्यवहार उघड झाला. त्यानंतर नियमनाला गती आली. २०१० मध्ये ‘सेबी’ने म्युच्युअल फंडांना मतदानाचा तपशील जाहीर करणे बंधनकारक केले. २०१३ च्या कंपनी कायद्याने इलेक्ट्रॉनिक मतदानाची तरतूद केली. सूचिबद्ध कंपन्यांच्या मोठ्या संबंधित-पक्ष व्यवहारांना भागधारकांची मंजुरी आवश्यक झाली आणि अशा ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येत नाही. एप्रिल २०२२ पासून फंडांना सर्व ठरावांवर मतदान अनिवार्य आहे.

परिणाम दिसू लागले. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या कार्यकारी संचालकांच्या वेतनाचे ठराव भागधारकांनी नामंजूर केले. २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा व वेतनाचा विशेष ठराव फेटाळला गेला; कंपनीने वेतनाची कमाल मर्यादा कमी केल्यावर मंजुरी मिळाली. विरोधाचा हेतू कंपनीला अडविण्याचा नसून प्रस्ताव सुधारण्याचा असू शकतो, हे यातून दिसते.

तथापि, मतदान सक्तीचे झाले म्हणून ते विचारपूर्वक होईलच असे नाही. सल्लागार संस्थेच्या शिफारशीवर डोळे झाकून शिक्का मारणे हीदेखील उदासीनताच आहे. नाराज गुंतवणूकदार पूर्वी भाग विकून बाहेर पडत असे. निर्देशांकाधारित फंडाला, कंपनी निर्देशांकात आहे तोवर, तो मार्ग खुला नाही. त्याच्या हाती संवाद आणि मत एवढीच साधने उरतात. ती साधने अभ्यासपूर्वक वापरणे आणि मतामागील कारणे बचतदारांना सुबोध भाषेत सांगणे, यातच विश्वस्तपणाची खरी कसोटी आहे.