देवघेवीची वही आणि पुराव्याचे वजन



पुराव्याची पारख हा विषय मांडण्यासाठी एखाद्या गाजलेल्या खटल्याकडे न जाता, तालुक्याच्या एका गावी वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेपुढे आलेला एक ठराव मी घेतो. ठराव असा : देवघेवीच्या वहीतील नोंदी वर्षानुवर्षे घटत आहेत, त्याअर्थी गावाला वाचनालयाची गरज उरलेली नाही, सबब वाचनकक्षाची जागा भाड्याने देण्यास मंजुरी असावी.

विरोधाची भाषणे पुष्कळ झाली. एका वयोवृद्ध सभासदांनी 1828 साली रत्नागिरीस नगर वाचनालय स्थापन झाले तेव्हापासूनची आपली परंपरा सांगितली. दुसऱ्यांनी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931 सालच्या ग्रंथालयविषयक पंचसूत्रीचा दाखला दिला. दोघांचेही म्हणणे खरे होते आणि त्यांची कळकळ मला आजही वंदनीय वाटते. परंतु मूळ युक्तिवाद त्यामुळे तसूभरही ढळला नाही, कारण पूर्वी गरज होती हे ठराव मांडणाऱ्यांनाही कबूलच होते, आणि वाद होता तो आजच्या गरजेचा.

मग युक्तिवाद ढळतो कशाने? आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, याचा फार बारकाईने विचार केलेला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करणे त्यांना मान्य. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान त्यांनी सदोष ठरविले, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर मात्र नसतो. धुराला ओले सर्पण लागते. ही जी न उच्चारलेली अट हेतू (ज्यावरून अनुमान करावयाचे ते) आणि साध्य (जे सिद्ध करावयाचे ते) यांच्यामध्ये दडून बसते, तिला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले. विरुद्ध पक्षाच्या विधानात अशी उपाधी हुडकून काढावी आणि ती प्रस्तुत प्रकरणी लागू नाही हे दाखवून द्यावे. युक्तिवाद खिळखिळा करणारा पुरावा तो हाच.

वरील ठरावातील दडलेली अट अशी, की जो वाचतो तो पुस्तक घरी नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वाचनकक्षात जाऊन बसलो. उतरत्या मेजांवर वर्तमानपत्रे लावलेली होती आणि त्यांच्यापुढे माणसे उभी होती. कोपऱ्यात एक मुलगा शब्दकोश उघडून शाळेच्या वहीत एकेक शब्द अर्थासह उतरून घेत होता, पानावर बोट तसेच ठेवून, ओळ चुकू नये म्हणून. कोशावर शिक्का होता : 'बाहेर नेण्यास मनाई'. म्हणजे ज्या ग्रंथासाठी तो मुलगा रोज येत असे, त्या ग्रंथाची नोंद देवघेवीच्या वहीत होणे नियमानेच अशक्य होते! सर्वांना खुल्या असलेल्या या मुक्तद्वार कक्षातील वाचकांपैकी एकाचीही सही त्या दप्तरात कोठे नव्हती.

जमाखर्चाच्या वहीत आणखी एक गोष्ट आढळली : नव्या ग्रंथांची खरेदी बरीच वर्षे बंद होती. हा पुरावा निराळ्या जातीचा आहे. नोंदी घटल्या हे तो नाकारीत नाही. तो घटीला दुसरे कारण पुरवितो. जुनी पुस्तके वाचून संपविलेला वर्गणीदार रिकाम्या हाताने परतला, तर त्याची वाचनाची भूक मेली असे म्हणता येणार नाही. मात्र शेजारच्या गावचे वाचनालय भरभराटीस आले आहे, ही जी बातमी सभेत टाळ्या घेऊन गेली, तिला मी फारसे वजन देत नाही. तेथील वस्ती वेगळी, उत्पन्न वेगळे, आणि त्या गावाची गरज या गावाची गरज सिद्ध करू शकत नाही.

हीच कसोटी स्वपक्षालाही लावावी लागते. ठराव तहकूब होऊन कक्षाच्या दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजणी करण्याचे ठरले, तेव्हा आमच्यातील काही उत्साही मंडळींनी ती मार्च महिन्यात घ्यावी असा आग्रह धरला. परीक्षा तोंडावर आल्या म्हणजे त्या कक्षात बसावयास जागा मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. मी त्यास हरकत घेतली, आणि मोजणी श्रावणात, भर पावसाच्या दिवसांत, सकाळ-संध्याकाळ घेण्याचे लिहून घेतले.