वर्गणी ऑनलाईन झाली, पण पावती कुणाच्या नावाची?

(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही वर्गणीवर बोलणार आहोत. वर्धापनदिनाला पैशाच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. पण बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, आणि ३० डिसेंबर २०१६ ला सरकारनं मोबाईलवरून पैसे देण्याचं ॲप काढलं, त्याचं नाव भीम ठेवलं. तेव्हा आम्ही हिशोबाला लाजायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या गडबडीत एका कार्यकर्त्यानं स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड विहाराच्या दारावर चिकटवला. पोरगा प्रामाणिक. पै न पै आणून दिली. तरी वस्तीत कुजबुज झालीच, आणि कुजबुज करणाऱ्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. मंडळाचा पैसा मंडळाच्याच खात्यात जायला हवा. मग बँकेतून मंडळाच्या नावाचा क्यूआर आणला. वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. वार्षिक सभेत सभासदांची यादी वाचली, तर विहार पत्र्याचं होतं तेव्हापासूनच्या एका मावशींचं नाव थकबाकीत! मतदानाचा हक्क गेला. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "माझी वर्गणी कवा ऱ्हायली का रं बाबांनो?" राहिली नव्हती. पुण्याच्या मुलानं आपल्या मोबाईलवरून भरली होती. बँकेच्या उताऱ्यात मुलाचं नाव, आणि मुलगा तर आपला सभासदच नाही. पैसे पोचले, माणूस पोचला नाही. आम्ही खाली मान घातली.

तेव्हा ठरलं की मंडळाच्या वेबसाईटवरच वर्गणी घ्यायची. त्यासाठी मध्ये पेमेंट गेटवे कंपनी लागते. ती कार्डाचे, यूपीआयचे पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करते. कार्डाचा नंबर तिच्याच पानावर टाकायचा, आपल्या वेबसाईटवर तो साठवायचा नाही. कंपनीनं नोंदणीचा दाखला, मंडळाचं पॅन, घटना, कमिटीचा ठराव आणि रद्द केलेला चेक मागितला. इथं गाडी अडली. दाखल्यावर 'बौद्ध'चं इंग्रजी स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं. दोनदा अर्ज परत आला. पॅन दुरुस्त करून घेण्यात दीड महिना गेला. ज्या मंडळांना हे करायचं असेल त्यांनी आधी ही सगळी कागदं एका टेबलावर मांडून अक्षर न अक्षर जुळवावं.

वेबसाईटवर पैसे परतीचा नियमही लिहा म्हणाले. आम्हाला हसू आलं, दान कुणी परत मागतं का? पण एखाद्याची वर्गणी दोनदा कापली गेली तर? लिहिला नियम.

फॉर्म बनवणाऱ्या पोरांना आम्ही एकच गोष्ट ठासून सांगितली. 'वर्गणी कुणाची' आणि 'भरणारा कोण' हे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि पहिला रकाना सभासद क्रमांकाचा. गेटवेकडून पैसे मिळाल्याचा निरोप थेट आला तरच पावती निघते. कुणी मोबाईलवरचा फोटो दाखवला म्हणून नाही. तसले फोटो खोटे बनवता येतात.

आता फी. १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआयवर एमडीआर नाही, तरी कंपनी आपल्या सेवेचे वेगळे लावते का ते करारात वाचावं. कार्डावर साधारण दोन टक्के. म्हणजे ६०० रुपयांमागे १२ रुपये जातात, खात्यात ५८८ रुपये येतात. खजिनदार म्हणाले, तेवढीच पावती द्या. आम्ही अडून बसलो. सभासदानं ६०० दिले, पावती ६०० ची. फी मंडळाच्या खर्चात दाखवा. शिवाय पैसे त्याच दिवशी येत नाहीत, दोन-तीन दिवसांनी बऱ्याच जणांचे एकगठ्ठा येतात. म्हणून कंपनीचा तपशील उताऱ्याशी दर आठवड्याला ताडून पाहावा लागतो.

परदेशी कार्डं बंद ठेवली आहेत. दुबईत नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्टवाला आपला मुलगा दान देऊ शकतो. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, तो कायद्यानं परकीय ठरतो. एफसीआरए नोंदणी नसताना त्याचं दान घेता येत नाही. माणूस आपलाच, पण कायदा कायदा आहे.

काही तरुण म्हणाले, आता पावती पुस्तक बंद करा. नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आयाबहिणींच्या हातची रोकड पूर्वीसारखीच घेतली जाईल आणि त्याच वहीत चढेल. आणि एक ध्यानात ठेवा: पैसे मिळवायला पिन लागत नाही. मंडळाच्या नावानं फोन करून कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

मावशींची पावती यंदा त्यांच्याच नावाची निघाली, भरणारा मुलगा. ज्यांना आपला सभासद क्रमांक ठाऊक नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर जुनी पावती घेऊन यावं. दोन मुलं टेबल टाकून बसतील, आम्हीही असू.

जयभीम!