दुय्यम भूमिका

आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशी आहेत, म्हणून मी ‘की ल्यूक’ या नटाविषयी बोलतो. जन्म चीनमधला, १९०४चा. लहानपणीच तो अमेरिकेत आला. हॉलिवूडमध्ये आधी चित्रकार होता. १९३५च्या ‘चार्ली चॅन इन पॅरिस’मध्ये तो चिनी गुप्तहेराचा मुलगा झाला. गुप्तहेर बाप मात्र वॉर्नर ओलंड, जन्माने स्वीडिश! चिनी नट दुय्यमच राहिला. तरी ल्यूकने तो उत्साही, धडपड्या मुलगा प्रेक्षकांचा लाडका केला. पुढे १९७२ साली कार्टून मालिकेत चार्ली चॅनला आवाज दिला तो त्यानेच. सदतीस वर्षांनी!
त्याच्या चिकाटीला दाद देऊच. पण आपल्या गावात बाहेरून आलेल्यांना आपण किती वर्षं थांबवतो, हेही जरा पाहू या.