खेळपट्टीची माणसं



तुमचा आवडता क्रिकेटपटू कोण, असं महाडच्या एस. टी. स्टँडवर किंवा पोलादपूरच्या नाक्यावर कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. आणि उत्तरावरून माणसाचं वय कळतं. गावसकर म्हणाला तर साठीच्या पुढचा, सचिन म्हणाला तर चाळिशीतला, रोहित म्हणाला तर कॉलेजातला. माझं वय बघता मी गावसकर म्हणायला हवं. म्हणतोही. पण त्याच्या आधी एक नाव घेतो आणि समोरचा जरा गोंधळतो. एकनाथ सोलकर. 27 कसोट्या, एकच शतक, 18 बळी. एवढ्या शिदोरीवर कुणी कुणाचा आवडता होतो का? होतो. कसा, ते सांगायचं तर आधी आमच्याकडची जमीन सांगायला हवी.

पोलादपूर म्हणजे एका अंगाला कशेडी घाट, दुसऱ्या अंगाला महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट. सपाट जागा थोडी, आणि जी आहे तिच्यात भात. त्यामुळे क्रिकेटचा हंगाम क्रिकेट मंडळाने ठरवलेला आम्हाला कधी लागू पडला नाही. भात कापून झालं, भारे खळ्यावर गेले, की मग क्रिकेट. तेही लगेच नाही. कापलेल्या भाताची धसकटं टोकदार असतात, अनवाणी पायात खिळ्यासारखी घुसतात. ती खणून काढायची. दोन खाचरांमधला बांध मध्ये येत असेल, तर शेताच्या मालकाला मस्का लावायचा. विहिरीवरून हंडे आणून बावीस यार्डांची पट्टी भिजवायची, वारुळाची माती चाळून तिच्यावर पसरायची, आणि खळं करताना वापरतात त्याच लाकडी चोपण्याने ती चोपायची. मग शेणाचा सडा. वर दोन दिवस उन्हात तशीच सोडायची, आणि गुरं त्यावरून जाऊ नयेत म्हणून आळीपाळीने राखण. पुढे रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप मिळालं, ते खडी-सिमेंटने भरून, मधून पाइप घालून आम्ही रोलर केला. तो ओढायला सहा जण लागत. चेंडू गडग्यापलीकडे गेला की सहा धावा, आणि शेजारच्या वालाच्या शेतात गेला की धावा राहोत बाजूला, शिव्या.

ज्याने पट्टी केली त्याला पट्टी कळते. कुठे चेंडू बसतो, कुठे उसळतो, कुठे माती सैल राहिली आहे. आमच्यात एक पोरगा होता, फलंदाजीत यथातथाच. पण यष्टीजवळ उभा केला की कुठला चेंडू किती उडणार हे त्याला आधीच ठाऊक. कारण चोपणं त्याच्या हातात असायचं.

आता सोलकरकडे येतो. एकनाथचे वडील मुंबईला पी. जे. हिंदू जिमखान्यावर माळी होते, मैदान राखायचे. कुटुंब तिथेच मैदानाच्या कडेला राहायचं. म्हणजे ज्या वयात आम्ही धसकटं काढत होतो त्या वयात हा मुलगा मरीन लाइन्सला खेळपट्टीवर पाणी मारणारा बाप बघत वाढला. तो पुढे हिंदुस्थानच्या संघात गेला आणि फलंदाजाच्या नाकासमोर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला. हेल्मेट हा प्रकार तेव्हा क्रिकेटमध्ये आलेला नव्हता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांच्या गोलंदाजीवर त्या जागी उभं राहून त्याने 27 कसोट्यांत 53 झेल घेतले. यष्टिरक्षक सोडला तर इतक्या थोड्या सामन्यांत इतके झेल घेणारे जगात फार नाहीत.

1971 सालचा ऑगस्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा रायगड नव्हतं, कुलाबा होतं. ओव्हलची कसोटी, आणि शेवटचा दिवस 24 ऑगस्ट, म्हणजे गणेश चतुर्थी! कोकणी माणसाने तारीख निवडायची ठरवली असती तरी एवढी नेमकी जमली नसती. गिरणीतले, गोदीतले, सगळे मुंबईकर घरी आलेले. त्यांच्यातल्या एकाने ट्रान्झिस्टर आणलेला. आमच्या दरीत आवाज धड यायचा नाही, म्हणून तो पडवीच्या खांबाला एका ठराविक कोनात टांगलेला. आदल्या दिवशी चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन इंग्लंडला 101 मध्ये गुंडाळलं होतं. त्याच डावात, पहिल्या डावात 90 करणाऱ्या ॲलन नॉटला सोलकरने वेंकटच्या चेंडूवर पकडलं. तो झेल आम्ही नुसता ऐकला. फोटो बघायला मिळाला तो मागाहून. सोलकर पुढे झेपावून पालथा पडलेला, सगळं शरीर जमिनीला समांतर, आणि चेंडू गवताला टेकायच्या बेतात असताना बोटांत. चतुर्थीला आमच्या संध्याकाळच्या आरतीच्या सुमाराला आबिद अलीच्या चौकाराने सामना संपला. वाडेकरच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकली, मालिकाही जिंकली. त्या दिवशी गावात आरती किती वेळ चालली ते विचारू नका.

माझा आपला एक तर्क आहे, जाणकारांनी हवं तर हसावं. तो झेल चपळाईचा होताच. पण चेंडू किती खाली राहणार, हे जमिनीशी लहानपणापासून घसट असल्याशिवाय इतक्या आधी कळत नाही.

सोलकर 2005 च्या जूनमध्ये गेला. 57 वर्षांचा होता. आमच्याकडे त्याची बातमी फार दिवस बोलली गेली नाही, कारण पुढच्याच महिन्यात महाड पुरात बुडालं, दासगाव आणि जुईला दरडी कोसळल्या. पण एवढ्यावर सोलकर प्रकरण संपत नाही, कारण त्याच्यामुळे मी मागे गेलो आणि पळवणकर बाळू भेटले.

रामचंद्र गुहा यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे पुस्तक 2002 साली आलं. त्यात ही हकीकत विस्ताराने आहे. बाळू चर्मकार समाजातले, जन्म 1876 चा. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. तिथून गोऱ्यांच्या पूना जिमखान्यावर चार रुपयांवर. काम तेच, शिवाय जाळी उभारणं आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणं. जे. जी. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌ तास गोलंदाजी करून घ्यायचा. बॅट मात्र कधी हातात दिली नाही. त्यातून तयार झाला तो हिंदुस्थानचा पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतलं ते नाइलाजाने, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. चहाच्या वेळेला बाकीचे मंडपात, बाळू बाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊन आले. कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत नीट मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये. विठ्ठल यांचं 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र 1948 सालचं आहे. जुन्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा.

महाडच्या माणसाने हे वाचलं की त्याचं मन चवदार तळ्यावर जाणारच. 1923 ला मुंबईत हिंदूंच्या संघाचा कर्णधार पळवणकर आहे, लोक विजयानंतर त्याला खांद्यावर घेत आहेत, आणि 20 मार्च 1927 ला आमच्या महाडमध्ये बाबासाहेबांनी तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं म्हणून लोकांची डोकी फुटत आहेत. क्रिकेट चार वर्षं पुढे होतं असं म्हणून मी पाठ थोपटणार नाही. जिंकून देणाऱ्याला खांद्यावर घेणं सोपं असतं. पण मंडपाबाहेरचं ते मातीचं भांडं आणि आमचं तळं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे मला क्रिकेटच्या पुस्तकाने दाखवलं. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू हे बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पडले. त्याबद्दल त्यांना कुणी काही म्हणो, खेळपट्टीवर रोलर फिरवून तिच्यावरच राज्य करणारा पहिला माणूस तो.

गावसकरवर एक वेगळं भाषण होईल, म्हणून आज एकच डाव. मार्च 1987, बंगळूर, पाकिस्तान. ही कसोटीही आमच्या सणात आली. शिमगा. होळी लागून दोन दिवस झालेले, पालखी घरोघर फिरत होती, आणि 17 तारखेला सुनील त्याचा शेवटचा कसोटी डाव खेळत होता. खेळपट्टी म्हणजे नांगरलेलं शेत. चेंडू एकदा हातभर वळे, एकदा छातीवर येई. जिंकायला 221 हवे होते. त्याने 96 केले, आणि आपण 16 धावांनी हरलो. त्याची 34 शतकं एका पारड्यात टाका आणि हे न झालेलं शतक दुसऱ्यात, मी दुसरं पारडं घेईन. आयुष्यभर चांगल्या पट्टीवर खेळणारे पुष्कळ असतात. पट्टी वैऱ्यासारखी वागत असताना तिच्याशी साडेपाच तास बोलत राहणारा एखादाच. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर मराठीतून समालोचन करायचे, त्यांनी आम्हाला खेळपट्टी कानांनी बघायला शिकवली. टीव्हीने चेंडूचा वेग दाखवला, पण माती दाखवली नाही.

वेंगसरकर राजापूरच्या मातीतला, म्हणून आमचा. लॉर्ड्सवर 1979, 1982 आणि 1986 अशी लागोपाठ तीन दौऱ्यांत तीन शतकं, यापलीकडे त्याची शिफारस करायची गरज नाही.

सुधीर नाईक हे नाव मात्र घ्यायला हवं. 1970-71 च्या मोसमात मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले असताना उरलेल्या पोरांना घेऊन त्यांनी रणजी करंडक जिंकला. पुढे तीन कसोट्या खेळले. आणि नंतर काय केलं? वानखेडेची खेळपट्टी सांभाळली. 2 एप्रिल 2011 ला धोनीने ज्या पट्टीवरून षटकार मारून विश्वचषक जिंकला, ती पट्टी करणारा माणूस स्वतः कसोटीपटू होता. त्या रात्री किती जणांना हे ठाऊक होतं?

सचिनचं काय, असं तुम्ही विचारणार. सचिनवर प्रेम करायला कारण लागत नाही. तरी शारजाची 1998 ची दोन शतकं बाजूला ठेवून मी 16 नोव्हेंबर 2013 हा दिवस धरतो. निरोपाचं भाषण झालं, फेरी झाली, आणि तो एकटा खेळपट्टीकडे गेला, वाकला, तिला हात लावून नमस्कार केला. आणि अलीकडचं, सप्टेंबर 2023. कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मोहम्मद सिराजने 21 धावांत 6 बळी घेतले आणि सामनावीराचे पाच हजार डॉलर मैदान राखणाऱ्यांना देऊन टाकले. त्या स्पर्धेत पावसाशी झुंजून झुंजून त्या लोकांनी मैदानं खेळती ठेवली होती. रिक्षावाल्याचा मुलगा तो, त्याला दिसलं.

आमच्या महाड-पोलादपुरात आता गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. हॅलोजनचे दिवे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, पुरुषभर उंचीचे करंडक, मालिकावीराला मोटारसायकलसुद्धा. आनंद आहे. पण जुलै 2021 च्या पुरानंतर सावित्रीच्या काठची मैदानं गाळाखाली गेली होती. वाळलेल्या गाळाचे पोपडे फावड्याने उचलून, नव्याने माती घालून ज्यांनी पुन्हा पट्ट्या बसवल्या, त्यांची नावं एकाही फलकावर मी वाचली नाहीत. तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना, गावातल्या आणि मुंबईतल्याही, एक विनंती आहे. भात कापून झालं की तुमच्या बैठका सुरू होतील, बक्षिसांची यादी निघेल. त्या यादीत खेळपट्टी करणाऱ्यासाठी एक बक्षीस ठेवा. रोख ठेवा, आणि अंतिम सामन्याआधी, लोक जागेवर असताना द्या.