टाळकऱ्यांचा हंगाम



पत्रिकेत माझा विषय 'सामुदायिक वाद्यवृंद आणि त्याचा हंगाम' असा भारदस्त छापला आहे. वाद्यवृंद म्हटलं की आपण मुंबईकडे पाहतो. तिथे मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 2006 पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. युरोपात अशा मंडळींचा सीझन साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. बुलडाणा जिल्ह्यात असं काही नाही, एवढं सांगून मी खाली बसलो असतो. पण चिखली-मेहकरकडच्या गावात सप्ताहाचा मांडव ज्यानं पाहिलाय, तो माझं ऐकून घेणार नाही.

हंगाम आपलाही आहे, आणि तो शेतीनं ठरवलाय. तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी उरकली, की गावोगाव सप्ताह बसायला लागतात. शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीचा. तेव्हा तर दिंड्यांनी रस्ते भरतात. मृग जवळ आला की गावातलं भजन जरा मंदावतं, कारण टाळकऱ्यांचे हात पेरणीत गुंततात. त्याच सुमारास गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. पायी महिनाभराची वाट, सुमारे सातशे वारकरी, त्यांत अडीचशे टाळकरी. मोठ्या सिम्फनीतही वादक साधारण शंभराच्या आसपास असतात, आणि ते खुर्चीवर बसून वाजवतात! आमचे चालत वाजवतात. परतीला सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव करत पालखी शेगावी येते, तेव्हा खामगावपासून सोबतीला निम्मा जिल्हा असतो.

यात काठी हलवणारा कोणी नाही. दोन्ही बाजूंना टाळकरी समोरासमोर, मध्ये वीणेकरी आणि मृदंग. चाल बदलायची ती वीणेकऱ्याच्या मानेवरून कळते. मृदंगाचं काम तर जवळून बघण्यासारखं. उजव्या पुडीला शाई कायमची. डाव्या पुडीला मात्र बसण्याआधी भिजवलेली कणीक थापायची. कमी पडली तर नाद पोकळ, जास्त झाली तर बोल दबतो. ती वाळत चालली की ओल्या बोटानं सारखी करायची. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, मग हातोडीनं गठ्ठे ठोकून सूर वर आणायचा. हे शिकवणारी पुस्तकं गावात नाहीत. पोरगं मृदंग्याशेजारी बसून शिकतं.

आणि वीणा. सप्ताहात ती सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. गळ्यातून गळ्यात जाते, पहारे लावलेले असतात. संध्याकाळचा पहारा मागायला पुष्कळ येतात. कीर्तनाला गर्दी असते, चारचौघं बघतात. रात्री दोनचा पहारा कोणाच्या वाट्याला जातो, यावरून मला त्या गावचं भजनी मंडळ कळतं. समोर श्रोता नाही, साथीला पेंगणारे दोन टाळकरी, तरी नामात खंड पडू द्यायचा नाही. तिकीट काढून येणाऱ्यांवर चालणाऱ्या वाद्यवृंदाला ही रात्र ठाऊक नसते.

एक तक्रार करतो, मंडळींना राग आला तरी. भोंग्यातला तो 'इको' बंद करा. काकड्याच्या शांत चालीतला एक शब्द धड ऐकू येत नाही. टाळांच्या नादावर मशीनचा नाद चढला, की टाळकरी एकमेकांना ऐकत नाहीत, आणि लय तिथेच पळायला लागते. दुसरं असं, की पुष्कळ सप्ताहांत आता मृदंगाचार्य बिदागी देऊन बाहेरून आणतात. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून तयार होऊन आलेल्यांचा हात गोड असतो, त्याबद्दल वाद नाही. पण कीर्तनाला ते आणि पहाटेच्या काकड्याला गावचा पोरगा, एवढी वाटणी तरी पत्रिका छापतानाच ठरवून टाका. महिला भजनी मंडळांनाही दुपारची उरलीसुरली वेळ देऊन वाटेला लावू नका; रात्री कीर्तनाआधी एक तास त्यांचा लिहा.