दक्षिणेकडची खूण

(रौप्यमहोत्सवी वर्षात संस्थेच्या सभागृहात झालेल्या सभासदांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला विषय दिला होता, ‘माझा अमेरिका प्रवास’. पण नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आपल्यापैकी निम्म्या लोकांनी पाहिलाय, फोटोही ग्रुपवर येऊन गेलेत. मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी पाच आठवडे एकाच घरात राहिले, तेही भर उन्हाळ्यात, तेही वाळवंटात. त्या घरात दोन नातवंडं आजी-आजोबांकडे सुट्टीला आली होती. आज त्यांच्याबद्दल बोलते.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाच्या शहरात राहायचे. मेक्सिकोची सरहद्द तिथून साधारण शंभर किलोमीटर. भाऊजी खाणकामाचे इंजिनिअर. अमेरिकेत सगळ्यात जास्त तांबं या राज्यात निघतं, त्या नोकरीसाठी ते गेले आणि चाळीस वर्षं तिथलेच झाले. आमचं माहेर अकोल्याचं. त्यामुळे ताई गमतीने म्हणायची, “मला काय, एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत!” जूनमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. घराच्या छपरावर कूलर, अगदी आपल्या विदर्भातल्यासारखा, पाण्यावर चालणारा. हवा कोरडी असेपर्यंत तो छान गार करतो. पावसाळी दमट हवा आली की नुसताच घरघरतो. हेही अकोल्यासारखंच.

भाची मिनियापोलिसला असते. तिथे हिवाळ्यात उणे वीस अंश. तिचा मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी आठची. दरवर्षी शाळा सुटली की दोघं आजी-आजोबांकडे. लोक हसायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी वाळवंटात जातं का? पण ती मुलं आनंदाने यायची. का, ते मला तिथे राहिल्यावर कळलं.

त्या घराचं वेळापत्रक ऊन ठरवायचं. पावणेपाचला सगळे उठलेले. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे सव्वापाचलाच सूर्य उगवतो. चहा-दूध घेऊन सगळे बाहेर. दहाच्या आत घरात, पडदे बंद. दुपारी पत्ते, झोप, आजीच्या हाताखाली पन्हं करणं. संध्याकाळी सात वाजता पुन्हा बाहेर. आता बघा, म्हातारी माणसं एरवीही पहाटेच उठतात, दुपारी लवंडतात. आपल्याकडे मुलांचा दिवस सुरू होतो तेव्हा आजोबांचा निम्मा संपलेला असतो. तिथे दोघांचा दिवस एकच होता. बरोबर राहण्यासाठी कुणाला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

आणि मुलांना कामं होती. अंगणातली पाण्याची थाळी भरायची, तिथे लावे यायचे, मागे पिलांची रांग. बूट झटकूनच पायात घालायचे, कारण विंचू. रात्री भाऊजी जांभळ्या प्रकाशाची बॅटरी द्यायचे. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. रोज रात्री भिंतीवरचे विंचू मोजून वहीत लिहायचे. भावंडं भांडायची भरपूर, बॅटरी कुणी धरायची यावरून तर रोज. पण पत्राच्या पेटीपर्यंत जायचं तरी आजोबांच्या हातात पाण्याची बाटली आहे ना, हे आठ वर्षांची पोर न सांगता बघायची.

त्याला कारण होतं. मार्चमध्ये भाऊजी मागच्या अंगणात पडले होते. अर्धा तास कुणाला कळलं नाही. मार्च होता म्हणून निभावलं. जूनमध्ये तिथली जमीन इतकी तापते की नुसतं पडून राहिलं तरी कातडी भाजते. तेव्हा भाचीने ठरवलं, घर विकायचं आणि दोघांना मिनियापोलिसला न्यायचं. तिचं चूक नव्हतं. ताई तयार होती. भाऊजी हो म्हणाले होते, पण त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. त्या घरातली ही शेवटची सुट्टी आहे हे मुलांनाही माहीत होतं.

अंगणात एक सग्वारो होता. नकाशात किंवा सिनेमात वाळवंट दाखवायचं असलं की दोन हात वर केलेलं निवडुंग काढतात ना, तोच. मी ‘सग्वारो’ म्हटलं की मुलं हसायची, ‘ग’ म्हणायचा नसतो, ‘सवारो’. याची वाढ फार सावकाश. पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच. फूल यायला साधारण पस्तीस वर्षं, हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर. दीडशे-दोनशे वर्षं जगतो. जूनच्या शेवटी त्याची फळं पिकतात, आतून लालभडक. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधम लोक लांब काठीने ती पाडतात. ती काठीही वाळलेल्या सग्वारोच्याच आतल्या फासळ्यांची. त्यांचं नवं वर्ष या फळांच्या आणि पावसाच्या सुमारास सुरू होतं. मला आपला मृग आठवला. आणि गंमत म्हणजे त्या पावसाला तिथेही मान्सूनच म्हणतात.

एका सकाळी नातवाने विचारलं, “हा सग्वारो आपण मिनियापोलिसला नेऊ या का?” भाऊजी म्हणाले, “थंडीने मरेल. आणि असा उपटून नेताही येत नाही. सरकारी परवाना लागतो, त्यावर चिठ्ठी बांधावी लागते.”

त्यावर नात पटकन म्हणाली, “मग आजोबांना न्यायला परवाना कुणी दिला?”

कुणीच काही बोललं नाही. ताई उठून आत गेली. भाऊजी मात्र हसले, महिन्याभरात पहिल्यांदाच मोकळं हसले. मग म्हणाले, “ये, तुला एक सांगतो. लहान सग्वारो हलवला तर लागतो. मोठा, हात फुटलेला असेल तर अवघड. अंगातल्या पाण्यावर तो कित्येक वर्षं उभा दिसतो, लोकांना वाटतं लागला, आणि मग एक दिवस कोसळतो. म्हणून हलवण्याआधी जाणकार माणूस त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूला खूण करतो. त्या बाजूने जन्मभर ऊन सोसलेलं असतं, तिची साल पक्की झालेली असते. नव्या जागी ती खूण पुन्हा दक्षिणेलाच आली पाहिजे. कोवळी बाजू उन्हाकडे आली तर भाजते.”

नातवाने ते ऐकलं आणि विंचवांच्या वहीचं मागचं पान उघडलं. दोघं बहीण-भाऊ दुपारभर कुजबुजत काहीतरी लिहीत बसले. पहिल्यांदाच भांडण नाही! संध्याकाळी वाचून दाखवलं. इंग्रजीतच होतं, मी मराठीत सांगते. आजोबांची खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी. पहाटेचा चहा पावणेपाचलाच, सगळे झोपलेले असले तरी. पाण्याची थाळी बाहेर ठेवायची, पक्षी दुसरे असले तरी चालतील. दुपारी दोन ते चार आजोबांना कुणी काही विचारायचं नाही. आजीच्या पोळपाटाला वेगळी जागा. शेवटचं कलम नातीचं होतं: पावसाचा वास.

वासाची गोष्ट अशी. तिथे क्रिओसोट नावाचं झुडूप सगळीकडे आहे. पहिला पाऊस पडला की त्याच्या पानांचा वास दरवळतो, आपल्याकडे मातीचा यावा तसा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुपारी आभाळ काळं झालं, धुळीचा लोट आला आणि वीस मिनिटं धो धो कोसळला. आम्ही पाचही जणं ओसरीत उभे. कोरड्या ओढ्यांना तिथे वॉश म्हणतात, ते बघता बघता वाहायला लागतात. अडथळे लावून बंद केलेल्या अशा रस्त्यात कुणी गाडी घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा कायदाच आहे. लोकांनी त्याचं नाव ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ ठेवलंय. आपल्याकडेही हवा!

दुसऱ्या दिवशी नातीने त्या झुडपाच्या डहाळ्या पिशवीत भरल्या. न्हाणीघरात टांगून गरम पाणी सोडलं की वाफेने तोच वास येतो, तिथे कितीतरी घरांत असं करतात.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये ताई-भाऊजी मिनियापोलिसला गेले. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पहिल्या हिवाळ्यात भाऊजी फार गप्प होते. पण भाचीने मला फोनवर सांगितलं, “मावशी, मी बाबांसाठी चांगली खोली, चांगला डॉक्टर, सगळं बघितलं होतं. खुर्ची कुठे ठेवायची ते मात्र पोरांनाच ठाऊक होतं.” मुलांना ते ठाऊक होतं कारण त्यांनी आजोबांबरोबर पाच-सहा उन्हाळे पहाटे उठून काढले होते. चार दिवसांच्या पाहुणचारात हे कळत नाही.

हे इथे का सांगितलं? पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा आपण पन्नाशीच्या आतले होतो. आज आपल्यापैकी बरेचजण आजी-आजोबा आहेत. शिवाय गेल्या काही वर्षांत गावाकडची घरं बंद करून मुलांकडे राहायला आलेले किती आई-वडील आपल्या तिन्ही विंगमध्ये आहेत, ते मोजा. लिफ्टमध्ये आपण त्यांना “बरंय ना?” विचारतो, ते “बरंय” म्हणतात. उभे दिसतात, म्हणजे रुजले असं नाही.

कार्यकारिणीला माझी दोनच मागण्या. बागेतली बाकं सगळी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यातली दोन पूर्वेकडे फिरवा आणि बागेचं फाटक सहाऐवजी पाचला उघडा. आणि सभासदांना विनंती, मे महिन्यात नातवंडं येतील तेव्हा त्यांना फिरायला न्या, आइस्क्रीम द्या, सगळं करा; पण आजोबांबरोबर करायचं रोजचं एक काम द्या. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणं असो, नाहीतर दूध आणणं. पंधरा दिवसांनी त्या मुलांना विचारा, आजोबांची खूण कुठे आहे. ती बरोबर सांगतील.

मसाला दूध तयार आहे असं खालून सांगताहेत, तेव्हा इथेच थांबते.