गुडघे, व्यायाम आणि खिशातला फोन

(मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथे इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दिवसभर गुडघेच बघते म्हणा ना! भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील असोत की इथेच पंचाहत्तरी गाठलेले आपले काका-मावशी, वाक्य ठरलेलं असतं : "गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता जपून राहायचं."

हे 'जपून'च जास्त नुकसान करतं. दुखतं म्हणून आपण जिना टाळतो, जिना टाळला की मांडीचे स्नायू दुबळे होतात, मग सांध्यावर जास्त ताण येतो आणि आणखी दुखतं. झिजेच्या संधिवातासाठी 'नाइस' या इथल्या संस्थेने २०२२ साली ज्या सूचना दिल्या, त्यांत व्यायामाला पहिलं स्थान आहे, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करण्याला. पॅरासिटामॉल सरसकट देऊ नये असंही त्यात म्हटलं आहे. (म्हणून चालू गोळ्या आज घरी जाऊन फेकून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा!)

व्यायाम तसे साधेच असतात. खुर्चीवरून उठणं-बसणं, बसल्या बसल्या पाय समोर सरळ करून धरणं, एका पायरीवर चढणं-उतरणं. अडचण वेगळीच आहे. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसऱ्यात पाहुणे येतात, तिसऱ्यात व्यायामाचा कागद फ्रिजवर लोणच्याच्या यादीखाली जातो. ताकद वाढायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात.

इथे फोन कामाला येतो. ऑस्ट्रेलियात हातापायांची दुखणी असलेल्या ८० जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना व्यायामाचा कागद दिला, काहींना अ‍ॅप आणि जोडीला फोन व संदेश. चार आठवड्यांनी अ‍ॅपवाले जास्त नेमाने व्यायाम करत होते. आपल्या इथे नॉटिंगहॅमला गुडघेदुखीच्या १०५ रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) सहा आठवड्यांच्या डिजिटल व्यायामक्रमाने ० ते १० च्या मापावर वेदना सुमारे दीड अंकाने उतरली. उलट अमेरिकेत ३५० जणांच्या अभ्यासात (२०१८) संगणकावरून व्यायाम करणारे काय किंवा फिजिओकडे जाणारे काय, नुसती वाट पाहणाऱ्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत. तेव्हा अ‍ॅपला वैद्य करू नका. आठवण करणं, मोजणं आणि लिहून ठेवणं, एवढंच काम त्याला द्या.

अ‍ॅप कसं निवडायचं? जे रोज "किती दुखलं?" असं विचारतं आणि त्याप्रमाणे व्यायाम कमी-जास्त करतं, ते चांगलं. नुसती पावलं मोजणारं पुरेसं नाही. ते १०,००० पावलांचं प्रकरण १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने विकलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आलं, वैद्यकशास्त्रातून नाही. दुखऱ्या गुडघ्याने त्या आकड्यामागे धावू नये.

आपल्या घरांतली खरी गोम भाषेची आहे. बहुतेक अ‍ॅप्स इंग्रजीत बोलतात. 'हील', 'थाय' ऐकून आजी गोंधळतात आणि फोन बाजूला ठेवतात. त्यावर माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने छान उपाय काढला. फिजिओने ठरवून दिलेले तीन व्यायाम आईकडून करवून घेताना तिने व्हिडिओ काढला आणि स्वतःच्या आवाजात मराठीतून सांगितलं, "आई, टाच पुढे, गुडघा सरळ, पाचपर्यंत मोज." आई पुण्याला परतली तरी गजर वाजला की लेकीचा आवाज असतोच. दुखण्याचा आकडा ती रोज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. आकडा आला नाही की मुलगी फोन करते. याहून हुशार अ‍ॅप मी तरी पाहिलेलं नाही.

आकड्याचा अर्थ असा. व्यायाम करताना दहापैकी दोनपर्यंत दुखलं तर काही हरकत नाही. पाचपर्यंत चालवून घेता येतं, पण चोवीस तासांत दुखणं पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. त्यावर गेलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा, बंद नको. मात्र गुडघा अचानक सुजला, गरम झाला, ताप आला, अडकून बसला किंवा पडल्यावर त्यावर भार देता येईना, तर अ‍ॅप ठेवा बाजूला आणि लगेच डॉक्टर गाठा.

आता चहा यायला अजून पाच मिनिटं आहेत. खुर्च्या भिंतीला टेकवा. तोल जात असेल त्यांनी शेजाऱ्याला जवळ उभं करा. फोनवर ३० सेकंदांचा टायमर लावा, हात छातीवर घ्या आणि पूर्ण उठून पुन्हा बसा. किती वेळा जमलं तो आकडा आजच्या तारखेसह फोनमध्येच लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी मी तो विचारणार आहे. तयार? करा सुरू.